घशातला उजेड

"त्या तासात तू काय करत होतीस?"

लेकीनं हे दारातूनच विचारलं, चप्पल काढायच्याही आधी. मी उशांचे अभ्रे बदलत होते. भर दुपारी ती कधी घरी येत नाही; आली म्हणजे काहीतरी विसरलेलं असणार, आणि विसरणं तिच्या स्वभावात नाही. "कुठल्या तासात?" मी विचारलं. "परवाच्या. सुई दिल्यावर तुला त्या खोलीत निजवलं होतं ना, कॅमेऱ्यात न्यायच्या आधी. तेव्हा." "पडून होते." "नुसती?" "नुसतीच. सिस्टर म्हणाल्या होत्या, बोलायचं नाही, हलायचं नाही. डोळे मिटून पडले होते." ती जवळ आली. माझ्या हातातला अभ्रा तिनं काढून घेतला आणि माझा उजवा हात उलटासुलटा करून पाहिला, दुकानात एखादी वस्तू घ्यायच्या आधी पाहावी तसा. मग अंगठ्याच्या मुळाशी, तळव्याच्या त्या फुगीर भागावर, आपलं बोट टेकवलं. "आणि हा? हा काय करत होता?" तेव्हा माझ्या लक्षात आलं. अंगठा आत्तासुद्धा चालूच होता. करंगळीच्या पेरांवरून चढत होता, शेजारच्या बोटावर उतरत होता. तिच्या बोटाखाली तो थांबला, चोरी पकडल्यासारखा. "नाम घेणं म्हणजे काय बोलणं झालं का ग?" मी म्हणाले. ती पलंगावर मट्‌कन बसली, दोन्ही हातांनी चेहरा झाकला, आणि हसतेय की रडतेय हे मला काही केल्या कळेना.

हे आतल्या खोलीतून आले. त्यांना वाटलं, झालं, आता वाईट बातमी. दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. माझा खोकला सुरू झाल्यापासून यांना असं चौकटीला धरून उभं राहायची सवय लागली आहे. छातीच्या फोटोत सावली दिसली तेव्हाही असेच उभे होते, आणि फुप्फुसातला तुकडा काढून तपासून आल्यावर आजाराचं नाव कळलं तेव्हाही. "तरुणपणी सिगारेटी ओढल्या मी, आणि लागल्या हिला," एवढंच म्हणाले होते तेव्हा, आणि मग दोन दिवस दाढी केली नव्हती. सर्जननी सगळं सरळ सांगितलं होतं. आजार फुप्फुसात एकाच ठिकाणी असेल तर कापून काढता येतो. इतरत्र गेला असेल तर सुरी लावण्यात अर्थ नाही, मग फक्त औषधं, जितके दिवस चालतील तितके. एकाच ठिकाणी आहे की नाही, ते त्या परवाच्या चित्रावरून ठरायचं होतं. साखरेसारखं एक औषध शिरेतून देतात. शरीरात जिथं जिथं भूक असते तिथं ते जाऊन बसतं, आणि आजारासारखं भुकेलं दुसरं काही नसतं, म्हणून तो चित्रात उजळून दिसतो. हलणाऱ्या स्नायूलाही तशीच भूक लागते, म्हणून त्या तासात बोलायचं-हलायचं नाही. हे सगळं लेकीनंच मला कितीदा समजावलं होतं. तिचं कामच ते.

तिचं काम मी कधी पुरतं समजून घेतलं नव्हतं, हे मात्र खरं. दवाखान्यात एका अंधाऱ्या खोलीत बसते, पडद्यावरची चित्रं वाचते, इतकं माहीत होतं. तिनं स्वतःची अशी एक रीत बसवली आहे, हेही माहीत होतं. शरीरातला सगळा उजेड एकत्र मोजायचा, किती जागा व्यापलीय आणि किती प्रखर आहे ते दोन्ही धरून, आणि त्या बेरजेवरून तो माणूस कुठल्या गटात बसतो ते सांगायचं. पहिल्या गटातली माणसं बहुतेक जगतात. शेवटच्या गटातली फार दिवस नसतात. या रीतीसाठी तिनं किती वर्षं जुनी चित्रं चाळली असतील. ती माणसं पुढं जगली की गेली ते लिहिलेलं होतं, पण तिच्यापासून झाकून ठेवलेलं. आधी चित्रावरून सांगायचं, मग झाकण काढून पाहायचं, असा तिचा खेळ. हे तिला 'तपासनीस' म्हणतात ते काही उगीच नाही. पाच वर्षांची होती तेव्हा घरात पाहुणा आला की त्याच्या जोड्यांचे तळवे पाहून तो कुठून चालत आला ते सांगायची. आणि चूक निघाली तर जेवायची नाही.

"आता बोल की," हे म्हणाले. तिनं हात खाली घेतले. डोळे ओले होते, पण आवाज कामाचा होता. "बाबा, बसा आधी. आई, तूही बस. नीट ऐका." तिच्याकडे येणाऱ्या चित्रांवर नाव नसतं. माणूस बाई आहे की पुरुष, तरुण की म्हातारा, काही लिहिलेलं नसतं, म्हणजे वाचणाऱ्याचं मन कुठं झुकायला नको. हा नियम तिचाच. आणि माझं चित्र निघणार त्या दिवशी तिनं सांगून ठेवलं होतं, आईचंही इतरांत मिसळून टाका, मला कुठलं ते सांगू नका. आज सकाळी ओळीनं चित्रं वाचत असताना एक आलं. छातीत उजव्या बाजूला एक मोठा उजेड, त्याच्या शेजारी एक लहान. ते चालण्यासारखं होतं. पण घशात, कंठाच्या आत, दोन्हीकडे ठळक उजळलेलं, आणि जिभेचं मूळसुद्धा. तिनं घसा बेरजेत धरला. बेरीज वर गेली. "मी शेवटच्या गटात घातलं," ती म्हणाली. "शस्त्रक्रियेचा उपयोग नाही, असा शेरा लिहिला. आणि पुढचं चित्र उघडलं."

खोलीत एक माशी होती. ती खिडकीच्या काचेवर आपटत होती, आणि आम्ही तिघंही तिच्याकडे बघत होतो. "मग?" हे म्हणाले. "मग पुढचं अर्धं वाचून झालं आणि मला आधीच्या चित्रातला हात आठवला. हात अंगालगत होते. डावा अंधारात, आणि उजव्याचा अंगठा पेटलेला. तेवढाच. असं कोण करतं? एका हाताचा अंगठा, जीभ आणि घसा, हे तिन्ही एका वेळी कोण चालवतं?" तिनं माझ्याकडे पाहिलं. "मी उठले, पाणी प्यायले आणि परत जाऊन पाहिलं. तूच होतीस."

मला ओळखल्यावर तिला काय वाटलं हे विचारावंसं मला वाटलं नाही. तिच्या शब्दांतली एकच जागा मला टोचत होती. पुढचं चित्र उघडलं. म्हणजे सकाळी कधीतरी, मी इथं पाणी भरत होते, केस विंचरत होते, तेव्हा माझ्या पोटच्या पोरीनं माझ्या आतला सगळा उजेड मोजला होता, हे माणूस राहत नाही असं ठरवलं होतं आणि पुढं गेली होती. जिला मी नऊ महिने माझ्या आत ठेवलं, तिनं माझ्या आत पाहिलं आणि मला ओळखलं नाही. आणि मग अंगठ्यावरून ओळखलं. "चहा घेत होतीस का तेव्हा?" मी विचारलं. "काय?" "मला शेवटच्या गटात घातलंस तेव्हा." "हो," म्हणाली. "बहुतेक घेत होते. वाचताना घेतेच मी." "काही वाटलं नाही?" "नाही, आई. वाटायला लागलं तर हात चुकतो." हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. तो भीतीचा असेल असं मला वाटलं होतं, पण नव्हता. कशाचा होता ते मला पुढं कळलं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला बोलावलं. ते तिच्या खात्याचे प्रमुख. बुटके, पांढऱ्या भुवयांचे, बोलताना सारखे चष्मा पुसणारे. लेक तिथं नव्हती. "तुमच्या मुलीनं माझं डोकं खाल्लंय," ते म्हणाले. "काल आली आणि म्हणाली, माझं वाचन रद्द करा, मी पेशंट ओळखला. बरं, केलं रद्द. मग मी पाहिलं. तिनं अंगठ्याचं सांगितलं. मी म्हणालो, छान, उलगडा झाला. घसा वजा करू, सर्जनला कळवू, मोकळे होऊ. तर म्हणते, नाही." "नाही?" यांचा आवाज चढला. "का नाही?" डॉक्टरांनी चष्मा पुसला. "मी पण हेच विचारलं. तर मला म्हणते, सर, बाकीच्यांचे घसे मी ओळखत नाही म्हणून तो आजार, आणि आईचा ओळखते म्हणून ते नाम? घशात खरंच काही असेल तर? पुन्हा चित्र काढा. आणि मी वाचणार नाही." ते हसले, पण त्यांच्या हसण्यात थोडा वैतागही होता. "वर आता जुनी सगळी चित्रं बाहेर काढून बसलीय. आणखी कुणाचा अंगठा पेटलाय का बघतेय. स्वतःच्याच रीतीला भोक पाडायला निघालीय. अहो, मी तिला म्हणालो, ही रीत तुझी आहे, जरा सांभाळ. तर म्हणते, सांभाळतेच आहे."

बाहेर आल्यावर हे चिडले होते. "एवढं काय नडलं होतं? वजा करून टाकायचं. आपल्या आईचं आहे." जिन्यावर मला धाप लागली, म्हणून मध्येच कठड्याला टेकून उभी राहिले. खाली पायऱ्या धुणारी बाई पाणी ओतत होती, आणि पाणी एकेका पायरीवरून घरंगळत, क्षणभर काठावर थांबून मग पडत होतं. मी ते बघत राहिले. माझ्या छातीत धाप होती, आजार होता, आणि त्यांच्या मागं आणखी काहीतरी वर येत होतं. मी सवयीनं अंगठा करंगळीवर ठेवला आणि नाम सुरू केलं. ते जे वर येत होतं, ते खाली बसलं.

पुन्हा सुई द्यायच्या आदल्या संध्याकाळी लेक माझ्याजवळ बसली. "उद्या नाम नाही, आई. मनातसुद्धा नाही." "मनातलं कुठं दिसतं तुमच्या यंत्राला?" "मनात घेतलंस तरी तुझी जीभ हलते. मी लहानपणापासून बघतेय. झोपेतसुद्धा हलते." मी म्हणाले, रिकामं पडून राहायचं नाही असं माझं व्रत आहे, लग्नाआधीपासूनचं, कधी मोडलं नाही. तुझ्या वेळी कळा देतानाही नाही. "माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणून तर विचारतेय, आज्ञा करत नाही." यांनी पेपर खाली ठेवला. हे देवाचं काही करत नाहीत, माझ्या देव्हाऱ्यापुढून जातानाही वर्तमानपत्र वाचत जातात. "मी घेतो तुझ्या वाटचं," हे म्हणाले. "बाहेर बाकावर बसून. तासभरच ना? तिकडं वर कुणी हजेरी घेत असेल तर तुझं नाव लागेल." "तुम्हाला तरी जमेल का?" लेक म्हणाली. "एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणायचा आहे. तुझ्या आईशी इतकी वर्षं बोलतोय, मला सवय आहे." लेक खूप दिवसांनी खळखळून हसली. मी खोटं खोटं रागावले, पण रात्री दिवा मालवताना देवापुढं एवढंच म्हणाले, की उद्याचा तास यांचा धरून घे.

ती खोली लहान आहे. खिडकी नाही. दिवा मंद, भिंती फिकट हिरव्या, एक पलंग, वर जाड कांबळं. थंडी वाजली तरी मानेजवळची चरबी उजळते, म्हणून ऊब हवी. सिस्टरनी शिरेत औषध सोडलं, कांबळं हनुवटीपर्यंत ओढलं. "आजी, आज ओठसुद्धा नाही हं." "नाही." "आता 'नाही' पण म्हणायचं नाही." आणि दार लागलं. मी दोन्ही मुठी सैल सोडल्या. जीभ खालच्या दातांमागं टेकवून ठेवली, एखाद्या खोडकर पोराला कोपऱ्यात बसवावं तशी. सुरुवातीला नुसता गोंधळ. नाम आपोआप सुरू व्हायचं, मी त्याला थांबवायची. पुन्हा व्हायचं, पुन्हा थांबवायची. कितीतरी वर्षं ज्याला धरून ठेवायला धडपडले, त्यालाच मी दाराबाहेर ढकलत होते. मग ते दमलं की मी दमले कोण जाणे, थांबलं. आणि आत इतकी शांतता झाली की मला माझ्याच घरातली, सगळं सामान हलवल्यावरची, रिकामी खोली आठवली. तिथं आवाज घुमतो. तिथं आपलं पाऊल दुसऱ्या कुणाचं वाटतं.

मग भीती आली. ती यायचीच होती. उजव्या बाजूला, बरगडीच्या आत, ते बसलेलं असेल आणि आत्ता या क्षणी साखर खात असेल, अधाशासारखं, आणि मला ते कळतसुद्धा नाही. मी तिकडं लक्ष लावलं. काही दुखत नव्हतं. शेजाऱ्याच्या घरात कोण जेवतंय हे भिंतीतून कळू नये तसं. मग लेक आली. बोलावलं नव्हतं. ती कितवीत तरी होती, वीज गेली होती, आणि ती बॅटरीच्या तोंडावर तळवा ठेवून बसली होती. बोटांच्या कडा लालभडक. "आई, मी आतून पेटलेय," म्हणाली. मी म्हणाले, बॅटरी संपेल, बंद कर. तेव्हा माझ्या मनात काय आलं होतं? ही पोर काही साधी नाही, असं आलं होतं. आणि लगेच मी नाम घेतलं होतं. ती वर्गात पहिली आली तेव्हा घेतलं. तिच्या बाई घरी येऊन म्हणाल्या, हिला शिकवता शिकवता मीच शिकते, तेव्हा मी त्यांना पाणी दिलं आणि विषय बदलला, आणि आत गेल्यावर पुन्हा नाम. तिची ती रीत दूरदूरच्या दवाखान्यांत वापरायला लागले, शेजारीण पेपर घेऊन आली, तेव्हा मी म्हणाले, "असेल काहीतरी." मला लहानपणापासून शिकवलं होतं की अभिमान हा सगळ्यांत मोठा रोग. तो वर आला की त्याच्या डोक्यावर नाम ठेवायचं. मी ठेवत आले. आयुष्यभर. आणि आज माझ्याजवळ ठेवायला काही नव्हतं.

म्हणून तो आला. जिन्यावर जो अर्ध्यावर थांबला होता, त्या दुपारी अंगावर काटा आणून गेला होता, तोच. मी हलू शकत नव्हते, ओठ उघडू शकत नव्हते, आणि तो सावकाश भरत गेला, पायांच्या बोटांपासून, जसं हौदात पाणी चढतं. माझी मुलगी. एक अक्षर न तपासता लिहिलं असतं तर माझी शस्त्रक्रिया तिथंच ठरली असती, आणि खात्याचा प्रमुख 'लिही' म्हणत होता, आणि तिनं लिहिलं नाही. आईसाठीसुद्धा नाही. आईसाठी तर नाहीच. जिनं माझं चित्र मिटून सरळ पुढचं उघडलं, आणि माझा पेटलेला अंगठा आठवताच सगळं थांबवलं. जी माणसं ओळखी-पाळखीची नसतील, ज्यांचे अंगठे पेटलेले असतील आणि कुणी पाहिले नसतील, त्यांच्यासाठी ती आत्ता त्या अंधाऱ्या खोलीत बसली असेल. मी व्रतं केली, नेम पाळले, पण इतका कडक नेम मी कधी पाळला नाही. हे असं मी स्वतःशी शब्दांत म्हणाले नाही, शब्दांची मला मनाई होती. पण ते तिथं होतं, सगळीकडे, आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. मला वाटलं, हे चित्रात दिसेल. आणि मग वाटलं, दिसू दे.

बाहेर आले तेव्हा हे बाकावर मान टाकून झोपले होते. अंगठा मात्र तर्जनीवर होता. "घेतलंत?" मी विचारलं. "घेतलं की. शेवटी शेवटी जरा पेंग आली. पण सुरुवातीचं जोरात घेतलं होतं, त्यात भरून निघेल."

निकाल दुसऱ्या एका डॉक्टरांनी वाचला, नावाशिवाय. घसा अंधारा होता. हातही अंधारे. छातीतला मोठा उजेड होता तिथंच होता आणि शेजारचा लहानही. बेरीज मधल्या गटात आली. सर्जन कापायला तयार होते. आता वाचन संपलं होतं, म्हणून समजावून सांगायला लेक बसू शकत होती. तिनं विचारलं, "दुसऱ्या कुणाकडून ऐकायचंय का?" मी म्हणाले, "नाही. तुझ्याकडून." यांना ती म्हणाली, बाबा, तुम्ही बाहेर बसा, आणि हे लगेच गेले, यांना ते नकोच होतं. तिनं आपली खुर्ची माझ्या शेजारून उचलून समोर ठेवली. रोज ती अशीच बसत असणार. पांढऱ्या कोटात ती मला जरा अनोळखी दिसली, डोळ्यांखाली झोप न झाल्याची काळी छाया होती. "मधल्या गटातली तुझ्यासारखी दहा माणसं घेतली," ती म्हणाली, "तर शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षांनी त्यातली साधारण सहा असतात." "आणि चार?" "चार नसतात." "मी कुठल्यांत?" "ते चित्र सांगत नाही, आई. चित्र दहा जणांचं सांगतं, एकाचं नाही. मीही सांगू शकत नाही. सांगितलं तर खोटं असेल." तिचा आवाज कुठंही हलला नाही. 'चार नसतात' म्हणतानाही तिनं माझ्या डोळ्यांतून डोळे काढले नाहीत. मी ऐकत होते ते मी जगेन की नाही, हे. पण मी बघत होते तिला. इतकं अवघड वाक्य इतकं सरळ, इतकं हळुवार कुणी म्हटलेलं मी आजवर ऐकलं नव्हतं, आणि मी पुष्कळ प्रवचनं ऐकली आहेत. "कळलं?" ती म्हणाली. "कळलं." "काही विचारायचंय?" "जुन्या चित्रांत सापडलं का कुणी?" तिनं मान खाली घातली. "सापडले. थोडे आहेत. ज्यांचं अजून काही करता येईल त्यांना परत बोलावलंय." मग म्हणाली, "एकजण आत्ता बाहेरच बसलीय." "मग मी उठते. तिला कशाला थांबवायचं."

बाहेर यांच्या शेजारी एक बाई बसली होती, माझ्याच वयाची, मांडीवर पिशवी घट्ट धरून. मला बाहेर आलेलं पाहून अर्धवट उठली. "अहो, आत त्या डॉक्टरीणबाई आहेत ना? फार कडक आहेत म्हणतात. काही लपवत नाहीत, तोंडावर सांगतात." माझा आवाज मुळातच बारीक आहे, चारचौघांत बोलायचं तर यांनाच दोनदा विचारावं लागतं. पण त्या लांबलचक बोळात माझा आवाज मलाच मोठा वाटला, पलीकडच्या बाकावरच्या माणसानं मान वळवून पाहिलं.

"कडक आहे," मी म्हणाले. "जा बिनधास्त. माझी मुलगी आहे ती."